झाकणावरचा चमचाभर रस्सा

वन्सं गेल्या, हे सांगायला बांद्याहून भाच्याचा फोन आला, तेव्हा गॅसवर बांगड्याचं तिखलं रटरटत होतं आणि मी झाकण उलटं करून त्यावर चमचाभर रस्सा काढून ठेवला होता. माझी ही थोरली नणंद आजारपणामुळे कधीची लेकाकडे बांद्याला राहत होती. चाखायला येणार कोण... पण हाताला ते कुठं कळतं?

या सवयीचं मूळ माझ्या शहाणपणात आहे. घाटावरून आंबोली उतरून मालवणात सून म्हणून आले, ती माझ्यासारखी सुगरण नाही अशा तोऱ्यात. इथं माशाच्या रश्शात तिरफळाचं बी काढून टाकून नुसती सालं जराशी ठेचून घालतात. मी पहिल्याच तिखल्यात ती काळ्या बियांसकट वाटणात बारीक वाटली. वन्संना शेजारच्याच घरात दिलेली. त्या अंगणातलं खळं ओलांडून आल्या, झाकणावरचा रस्सा चाखला आणि एक डोळा मिटला. "कडू जहर केलंस गो," एवढं माझ्या कानात सांगून त्यांनी टोप मागच्या दारी ओतला आणि सासूबाईंना म्हणाल्या, "मांजरान तोंड घातल्यान." तेव्हापासून त्यांनी चाखल्याशिवाय माझा टोप उतरला नाही.

त्याच बाईच्या जठरात कर्करोग निघाला. नेहमीची औषधं थकली, तेव्हा गोव्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी एक नवी अँटीबॉडी औषध म्हणून घेऊन बघाल का, असं विचारलं. गाठीच्या पेशींवरची खूण ओळखून ती तिथंच चिकटते म्हणे. पण चाचणी अजून चालू आहे, गुण येईलच असं नाही, नको वाटलं तर कधीही थांबा, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाहेर येताच मी कडाडले, "त्यांका उंदीर गावले नाय काय?"

"उंदीर झाले. आता माणसांची पाळी," वन्सं म्हणाल्या. "कोणीतरी आधी चाखूक होया गो. तुझां पयलां तिखलां चाखलंय, तेव्हा मेलंय काय?"

सलाईनमधून औषध जाताना त्यांना हुडहुडी भरायची. पण मग काही आठवडे दुखणं हटलं, आणि त्यांनी तिखलं मागितलं. मी डबा घेऊन एसटीनं बांदा गाठलं. दोन घास खाऊन म्हणाल्या, "तिरफळ कमी पडला." इतकी गोड बोलणी मी जन्मात खाल्ली नव्हती.

पुढं गाठ पुन्हा वाढली, औषध थांबलं. शेवटच्या भेटीत त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, "माझो त्यांका काय उपेग झालो?" भाच्यानं डॉक्टरांचं बोलणं सांगितलं, तुमच्या तपासण्यांमुळे पुढच्या रुग्णांची मात्रा ठरवायला मदत होईल. वन्सं माझ्याकडे वळल्या. "म्हणजे मीठ कितीसा घालूचा, ता कळला त्यांका," म्हणाल्या आणि एक डोळा मिटला.

अजूनही झाकणावर रस्सा काढते. खळ्याकडे बघते. मग आपणच चाखते... तिरफळ कमीच पडलेलं असतं.