नखावरचा थेंब

पालघरच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंची मला धास्तीच वाटायची. पेशंटला त्या आधी खिडकीपाशी उजेडात न्यायच्या, हात उलटसुलट करून बघायच्या आणि मला विचारायच्या, "काय दिसतंय?" मी "खरूज" म्हटलं की कपाळाला आठी पडायची. "रोगाचं नाव मी नाही विचारलं. दिसतंय काय ते सांगा." मग लाल की काळपट, कोरडं की ओलं, बोटांच्या बेचक्यात की मनगटावर, सगळं सांगेपर्यंत सुटका नसे.

एकदा एडवणहून एक कोळीण सुनेला घेऊन आली. "काय नाय झाला हिला. मासळीची टोपली उचलाया सांगितली का धापा टाकते. आलस हाय नुसता."

बाईंनी सुनेचा हात खिडकीशी धरला. "सिस्टर, काय दिसतंय?"

"नखं फिकट आहेत. मधे खोलगट, चमच्यासारखी."

बाईंनी त्या नखावर पाण्याचा थेंब सोडला. तो ओघळला नाही, तिथेच बसून राहिला. "आळस नाही हा. अंगात रक्तच नाही हिच्या."

सासूनं नाक मुरडलं. बाईंनी तिचाही हात ओढून घेतला आणि अंगठ्याच्या नखावर थेंब टाकला. तोही बसून राहिला.

सासूनं हात डोळ्यांजवळ नेऊन तो थेंब निरखला. मग हळूच म्हणाली, "माजी सासू पन मला आलशीच बोलायची."