सहा महिन्यांत एक थेंब नाही

"अवो मॅडम, धडधाकट गाडी देली होती तुमच्याकडं. काय करून ठेवलं हे?"

बोरकरभाऊ माझ्या टेबलासमोर उभे राहून सगळ्या वर्कशॉपला ऐकू जाईल असं बोलत होते. त्यांचे तीन ट्रक आहेत. त्यातला एक सकाळी सर्व्हिसिंगला आला होता. दुपारी त्यांचा ड्रायव्हर बिसाहू तो घेऊन निघाला आणि तेलीबांधा चौकाच्या आधीच गाडीनं दम सोडला. पिकअप नाही, डॅशबोर्डवर पिवळा लाइट. बिचाऱ्यानं रांगत रांगत परत आणली.

मी रायपुरात ट्रकच्या एका डीलरकडे डायग्नोस्टिकचं काम करते. म्हणजे गाडीला लॅपटॉप लावायचा आणि तिचं काय दुखतंय ते विचारायचं. एकोणीस वर्षं झाली. हाताबरोबर तोंडही चालतं माझं. हा किस्सा त्या तोंडाचाच आहे.

सकाळी मी त्या गाडीत अपडेट टाकला होता. इंजिनाला किती डिझेल द्यायचं, धूर कसा साफ करायचा, हे आजकाल गाडीतला एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. धुराचे नियम सांभाळायला कंपनी त्याचं नवं सॉफ्टवेअर पाठवते. गाडी वर्कशॉपात आली की ते टाकायचंच, असा आमच्याकडे नियम आहे.

लॅपटॉप परत लावला. एरर युरियाची निघाली. हा शेतातला युरिया नव्हे. पाण्यासारखं द्रावण असतं, वेगळ्या टाकीतून सायलेन्सरमध्ये फवारलं जातं, त्यानं धुरातला विषारी गॅस कमी होतो. फवारणी थांबली की कॉम्प्युटर इंजिनाची ताकदच कमी करतो. आतापर्यंत एकूण किती फवारलं तो आकडा मी काढला. सहा महिन्यांपूर्वी, मागच्या सर्व्हिसिंगला होता तोच!

"भाऊ, आमची चूक काहून काढून राहिले? सहा महिन्यांत एक थेंब युरिया गेला नाही या गाडीत!"

जिंकल्यासारखं वाटलं मले. भाऊ मात्र माझ्याकडे पाहतच नव्हते. ते बिसाहूकडे वळले.

"हर सोमवार को गोडाऊन से यूरिया की बाल्टी ले जाता है. कहाँ बेची?"

"बेचा नहीं, मालिक. टंकी लेतीच नहीं."

"चाबी दे."

बिसाहूनं किल्ली दिली. नऊ वर्षं तो भाऊंकडे गाडी चालवत होता. तोंड एवढंसं झालं होतं त्याचं. युरिया विकणारा ड्रायव्हर असं एकदा नाव झालं, की दुसरा कोणी मालक स्टिअरिंगला हात लावू देत नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं.

टंकी लेतीच नहीं, म्हणजे काय? मी बाहेर जाऊन युरियाच्या टाकीचं निळं झाकण उघडलं. टाकी गळ्यापर्यंत भरलेली. कडेला सुकलेल्या युरियाचे पांढरे खडे जमलेले.

मग मी ते केलं जे सकाळीच करायला हवं होतं. अपडेट टाकताना जुन्या सॉफ्टवेअरचा नंबर आपोआप सेव्ह होतो. तो पाहिला. तो आमच्या कंपनीचा नव्हताच; कोणीतरी बाहेरचं, बदललेलं सॉफ्टवेअर टाकलं होतं.

"भाऊ, या गाडीत ट्यूनिंग कोणाकडून करून घेतलं?"

भाऊंचा आवाज खाली आला. "टाटीबंधकडं एक जण करते. पिकअप वाढते म्हणे, अ‍ॅव्हरेज वाढते म्हणे."

"लावा त्याले फोन. स्पीकरवर."

ट्यूनिंगवाला मजेत बोलला, "भैया, पावर बढ़ाते हैं, साथ में यूरिया भी बंद कर देते हैं. सब गाड़ी में करते हैं. आपको बताया नहीं था क्या?"

घ्या! फवारणी सहा महिने बंद, युरिया सुकून पंप जाम. माझ्या अपडेटनं त्याचं ट्यूनिंग पुसलं, कंपनीचं सॉफ्टवेअर परत आलं आणि त्यानं युरिया मागितला. जाम पंप देणार कुठून?

"तो बाल्टियाँ किधर हैं?" भाऊंनी हळू विचारलं.

"घर में हैं, मालिक. गोडाऊन के मुंशीजी को दो बार बोला टंकी भरी है. बोले, बाल्टी रजिस्टर में निकल गई तो वापस नहीं होगी."

बिसाहूच्या घरी जायला भाऊंनी आपली कार काढली, त्याला सोबत घेतलं. मीही बसले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण वर्कशॉपात थांबवेना.

एका खोलीचं घर. भिंतीला लागून बकेटींच्या दोन रांगा, वर फळ्या, फळ्यांवर गादी. गादीवर बिसाहूची म्हातारी आई बसून लसूण सोलत होती. मी वाकून पाहिलं. एकाही बकेटीचं सील तुटलेलं नव्हतं.

भाऊंनी मोजल्या नाहीत. खिशातून किल्ली काढली आणि म्हातारीच्या बाजूला गादीवर ठेवली. "कल नहीं, परसों आ जाना. अम्मा के लिए पलंग भेजता हूँ, फिर बाल्टी उठाएँगे," म्हणाले आणि बाहेर गेले.

मी थांबले. बिसाहूला हात जोडले. "माफ करना भैया. मैं बिना सोचे बोल गई."

"मशीन ने तो सही बोला था, मैडम," तो म्हणाला. "मुझसे बस किसी ने पूछा नहीं."

पंप साफ करायला दोन दिवस लागले. ट्यूनिंग भाऊंनी पुन्हा करून घेतलं नाही. गाडी चढावर थोडी रडते, पण चालते. आणि आता मी प्रत्येक जॉब कार्डवर सगळ्यात वर एक ओळ लिहिते: आधी ड्रायव्हरला विचारणे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी रकाना नाही, म्हणून पेनानं लिहिते.