कागदावरचा ट्रक

सेलूला आमच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर मी बसतो. तिथला प्रोग्राम अडला, की एक कॉम्प्युटरवाले येतात. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन कधीच नसतं, दोन पिनांचा प्लग तीन पिनांत बसवायचा जोड मात्र हमखास असतो. प्रोग्रामशी ते रुसलेल्या जावयाशी बोलावं तसं बोलतात.

परवा काट्यावर वालूरची बैलगाडी चढली. प्रोग्राममधलं वजन घेणारं फंक्शन फक्त ट्रक ओळखतं. बैलगाडी दिली, की चुकीचा प्रकार म्हणून परत फेकतं. तीनदा फेकलं. मागं ट्रकवाले हॉर्न मारायला लागले, तसे गाडीवाले मामा कापूस घेऊन परत निघाले. मी त्यांना बाजूला थांबवलं आणि कॉम्प्युटरवाल्यांना बोलावून घेतलं.

"ते फंक्शनच बदला की," मी वैतागून म्हणालो.

"चालत्या कोडला हात लावायचा न्हाई. त्ये ट्रकच मागायलंय ना? मंग ट्रकच देऊ."

त्यांनी एक नवा क्लास, म्हणजे कोडमधला एक साचा, लिहिला. बाहेरून ट्रक, आत बैलगाडी. फंक्शन मालकाचं नाव विचारणार, हा आतल्या गाडीला विचारून सांगणार. पण ट्रकाचा नंबर कुठून आणायचा? ते उठले, माझं पेन उचललं, बाहेर जाऊन उजव्या बैलाचा कान हळूच धरला आणि त्यातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा नंबर तळहातावर उतरवून आणला.

पावती निघाली. मामांनी ती दोनदा वाचली. "ट्रक?"

"कागदापुरता हाय, मामा. घरी गेल्यावर डिझेल नका पाजू, सरकीच घाला."

माझं पेन घेऊन ते गेले.