वैनी बोलली तो दिवस

दूध लागल्याचा वास आला म्हणून मी देवघरातून उठून स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर पातेलं एकटंच फसफसत होतं आणि सूनबाई शेजारच्या खोलीत आरशासमोर उभ्या राहून स्वतःलाच सांगत होत्या, "मी समर्थ आहे. मी कुणालाही घाबरत नाही. आजचा दिवस माझा आहे." म्हटलं, बाई गं, दिवस तुझा असेल, पण दूध गेलं की! गेल्या महिन्यात आमच्या सांगलीत कुठलंसं शिबिर भरलं होतं, आत्मविश्वास वाढवण्याचं. तिथून आल्यापासून हे रोजचं चाललंय. शिवणाचा वर्ग काढायचा तिच्या मनात आहे. मशीन आहे, हात चांगला आहे, शेजारच्या चार मुली शिकायला तयार आहेत. पण नाही. "आई, आधी कॉन्फिडन्स आला पाहिजे, मग काढते." अगं, तो काय पाहुणा आहे, येतो म्हणून निरोप धाडून मग यायला? करपलेलं पातेलं राखेनं घासता घासता माझा जो संताप संताप झाला, त्या संतापातच मला वैनी आठवली. वैनीचं आणि माझ्या संतापाचं नातं फार जुनं आहे.

माझं माहेर सातारच्या खाली, कृष्णेच्या काठाला. मळ्यात ऊस, माळाला ज्वारी आणि घरटी एक तरी गडी पलटणीत, अशी त्या गावाची रीत. हीच कृष्णा पुढे वळणं घेत घेत इथं सांगलीच्या घाटाला येते. लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिली काही वर्षं मी पायरीवर बसून उगाच पाण्याकडे बघत राहायची, आपल्या गावच्या धुण्याचा फेस इथवर पोचत असेल का म्हणून. असो. माझा थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत पलटणीत भरती झाला आणि जाण्याआधी घाईघाईनं त्याचं लग्न उरकलं. वैनी माधवनगरची. तिचे वडील तिथल्या कापडगिरणीत होते. गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या वस्तीत वाढलेली ही मुलगी मराठी सातवीची फायनल पास होऊन आमच्या घरात आली, म्हणजे आमच्या साऱ्या भावकीत सर्वांत शिकलेली बाई तीच. आई मी लहान असतानाच गेलेली. घरात आबा, म्हणजे माझे वडील, मी आणि वैनी. मी तेव्हा पंधरा-सोळाची. तोंडाळ म्हणून माझी एकदोन स्थळं परत गेली होती आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नव्हतं.

आता आमच्याकडची रीत सांगते, म्हणजे माझ्या डोक्याला काय ताप होता ते कळेल. सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही आणि सासऱ्यानंही सुनेला थेट हाक मारायची नाही. मधे कुणीतरी लागायचं. आमच्या घरात ते कुणीतरी म्हणजे मी. आबा जेवायला बसलेले, वैनी हातभर अंतरावर भाकरी थापतेय, आणि आबा मला म्हणायचे, "इचार गं तिला, कालवण हाय का आजून." वैनी मला म्हणायची, "वन्सं, सांगा, हाय म्हणावं." मी दोघांच्या मधे घास हातात धरून बसलेली! दोघांनाही दोघांचं स्वच्छ ऐकू गेलेलं असायचं, तरी मी ते पुन्हा म्हटल्याशिवाय पळी हलायची नाही. आणि मी घरात नसले की? तर ही दोघं म्हशीशी बोलायची. खोटं नाही सांगत. मी एकदा पाणी घेऊन दारात आले आणि ऐकलं. आबा गोठ्यातल्या म्हशीला म्हणत होते, "आज जरा बिगीनं भाकरी मिळाली तर मळ्यात जाता यील, काय गं?" आणि आतून वैनी त्याच म्हशीला सांगत होती, "झाल्यात म्हणावं, पान वाढलंय." म्हैस रवंथ करत होती. घरात सगळ्यांत शहाणी तीच वाटली मला.

बरं, वैनी मुकी होती म्हणावं तर तसंही नाही. दुपारी आबा मळ्यात गेले की ती परातीत चुलीतली राख पसरायची आणि त्यावर बोटानं मला अक्षरं काढून द्यायची. तेव्हाची वैनी वेगळीच. 'क्ष' चुकला की माझ्या हातावर फटका. "नीट बघा वन्सं, घाई लय करता तुमी," असं मला, तोंडाळ नणंदेला, दरडावून सांगायची. तिचे डोळे त्या राखेवर असे लागलेले असायचे की चुलीवरचं उतू गेलं तरी कळायचं नाही. मला वाचायला आलं ते त्या परातीत. आणि तिन्हीसांजेला आबांच्या वहाणांचा आवाज आला की हीच बाई पदर ओढून दाराआड. मला इतका राग यायचा! आडातच नसतं तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणून सोडून तरी दिलं असतं. पण हिच्या आडात पाणी होतं, चांगलं गोडं पाणी, आणि ही काही पोहरा सोडायला तयार नव्हती.

लढाई संपता संपता तार आली. भाऊ परमुलखात आजारी पडून गेला होता. त्या दिवसांबद्दल मी फार लिहीत नाही. आबा बाहेरच्या सोप्यात खांबाला टेकून बसायचे आणि वैनी जात्यावर बसायची, दळण नसलं तरी. दोघांचं दुःख एकच, पण एकमेकांशी बोलायची सोय नाही. आणि मी तरी काय निरोप पोचवणार होते? त्या रीतीचा तेव्हा मला जितका तिटकारा आला तितका आधी कधी आला नव्हता.

वर्ष सरत आलं तेव्हा गावच्या शाळेत मुलींच्या वर्गाला बाई मिळेना. हेडमास्तर आबांकडे आले. फायनल झालेली बाई गावात एकच, ती तुमच्या घरात, तेव्हा पाठवा म्हणाले. आबा म्हणाले, "बघतो." त्यांचा 'बघतो' म्हणजे नाही. त्यांच्या मनात वैनीला माहेरी धाडायचं होतं. त्यात वाकडं काही नव्हतं. तरणी पोर, मूलबाळ नाही, इथं कुणासाठी राहील, असं त्यांना मनापासून वाटायचं. पण माहेरी काय होतं? गिरणीच्या चाळीतली एक खोली, त्यात भाऊ, भावजय, त्यांची पोरं, आणि कोपऱ्यात जन्मभर दुसऱ्याची भांडी घासणारी ही. रात्री अंथरुणात वैनी मला कुजबुजत म्हणाली, "वन्सं, मला शाळंत जायाचंय वो. माहेरी न्हाई जायाचं. तुमी सांगा की मामंजींना." मी म्हटलं, "मी सांगितलं तर माझं बोलणं हुईल. तुझ्या तोंडानं सांग, तर त्यांना पटंल." तिनं पदर तोंडाला लावला. झालं!

मग मी तिला धीट करायचा विडाच उचलला. ज्वारी दाण्यावर आली होती आणि पाखरं राखायला आम्ही दोघी माळावरच्या मचाणावर बसायचो. म्हटलं, इथं तुला कुणी ऐकत नाही, घसा फोडून ओरड, भीती निघून जाईल. मी गोफण फिरवून एक आरोळी ठोकली की पलीकडच्या शिवारातली पाखरंसुद्धा उठायची. आणि आमच्या वैनीबाई? कणसाच्या शेंड्यावर बसलेल्या थव्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "आवं, जावा की." पाखरांना! अहो-जाहो! पाखरंही इतकी निवांत की त्यांनी मान वळवून बघितलं आणि पुन्हा दाणे टिपायला लागली. मी कपाळावर हात मारून घेतला. मग विहिरीवर नेलं. वाकून म्हण म्हटलं, "मामंजी, मला शाळंत जायाचंय." तिनं म्हटलं, आणि खालून विहिरीनं तेच तिच्यापेक्षा खणखणीत म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी. राखणीचे दिवस संपले, ज्वारी कापून झाली, आमच्या वाट्याचं पाखरांनी बरंच खाल्लं, आणि वैनीचा आवाज होता तिथंच राहिला. शेवटी मी नाद सोडला. मनात म्हटलं, जा माधवनगरला, घास भांडी!

आणि माधवनगरहून तिचा भाऊ आलाच न्यायला. त्याच सकाळी हेडमास्तरही आले, शेवटचं विचारायला. तुमचं नक्की नसेल तर वाईहून दुसऱ्या बाई बघतो म्हणाले. सोप्यात तिघं पुरुष बसले. पत्र्याची पेटी भरून उंबऱ्याजवळ ठेवलेली. वैनीचा भाऊ म्हणाला, "आमची पोर आमाला जड न्हाई." आबा म्हणाले, "चार लोकांत काम करायचं तिला जमायचं न्हाई, भित्री हाय." हेडमास्तर म्हणाले, "ते खरंच, पण त्यांचा विचार काय आहे?" तो विचार तर कुणी विचारलाच नव्हता. स्वयंपाकघराच्या दाराआड वैनीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. "वन्सं, सांगा की. आवं सांगा की." तिची नखं माझ्या हातात रुतत होती. आणि काय सांगू, इतक्या दिवसांचा सगळा वैताग माझ्या डोक्यात गेला. मी हात सोडवून घेतला आणि म्हटलं, "मी न्हाई सांगत जा! तोंड दिलंय न्हवं देवानं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग, तुम्हाला हसू येईल, तिनं गोठ्याकडे बघितलं. गोठा रिकामा होता. म्हैस नदीला गेलेली. बोलायला कुणी उरलंच नव्हतं.

ती उंबरा ओलांडून सोप्यात आली. मान खाली, पदर कपाळापर्यंत, बांगड्या नसलेली मनगटं एकमेकांत घट्ट धरलेली. म्हणाली, "मामंजी." लग्न होऊन आल्यापासून हा शब्द तिनं त्यांना उद्देशून पहिल्यांदा उच्चारला. आबांच्या तळहातावर तंबाखू होती, ती मळायची थांबली. "मला शाळा घ्यायची हाय. माहेरी जायाचं न्हाई." बस, इतकंच. आणि तेही इतक्या हलक्या आवाजात की हेडमास्तर पुढं वाकून म्हणाले, "काय म्हणाल्या?" सवयीनं सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ओठ घट्ट मिटून दारात उभी. मेले असते तरी बोलले नसते. शेवटी आबाच खाकरले. त्यांना नीट ऐकू गेलं होतं. हेडमास्तरांकडे वळून ते म्हणाले, "शाळा घेनार म्हंतीया." सुनेचा निरोप सासऱ्यानं पोचवला, आमच्या भावकीत हे आधी कधी घडलं नसावं. मग तंबाखू तोंडात टाकून, कुणाकडेच न बघता, पण मला नाही आणि म्हशीलाही नाही, तर तिलाच ते म्हणाले, "पेटी आत ठिव."

वैनीनं पेटी उचलली आणि आत आली, आणि चुलीपाशी बसून जी रडली! मी तिच्यावरच खेकसले, "आता रडतीस कशाला? झालं की तुझ्या मनासारखं!" आणि मग मीही रडायला लागले.

आता वाटेल की त्या दिवसापासून वैनी वाघीण झाली. कशात काय! पहिल्या दिवशी शाळेत पोचवायला मी बरोबर गेले, तर वाटेत ओढ्यापाशी थांबून ती ओकली. पदरानं तोंड पुसलं, चूळ भरली आणि आत गेली. पुढे मी लग्न होऊन सांगलीला आले. माहेरपणाला गेले की बघायची, सकाळी शाळेला निघताना हिचे हात बर्फासारखे गार. आबा गेले, घराची कौलं जाऊन स्लॅब आला, वैनीचे केस पांढरे झाले, गावातल्या आयांच्या पाठोपाठ त्यांच्या लेकीही तिच्या वर्गात बसून गेल्या, तरी हात गारच. एकदा मी वैतागून विचारलं, "वैने, येवढी वर्सं झाली, आजून भ्या वाटतंय? मग धीर आला तरी कवा तुला?" ती चप्पल घालत होती. म्हणाली, "आला कुठं? त्याची वाट बघत बसले आसते तर पोरी ऱ्हायल्या आसत्या की तशाच." आणि छत्री घेऊन गेली.

मलाही तिनं सांगितलं होतं, फायनलला बसा म्हणून. लग्नाआधी सांगितलं, लग्न झाल्यावर सांगितलं, मुलं मोठी झाल्यावरही सांगितलं. मी दर वेळी म्हणायची, त्यात काय, देईन की! मला कुठं अवघड होतं? वैनीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. गावी गेले की कुणी ना कुणी बाई वाटेत थांबवते. कुणी सातारच्या दवाखान्यात नर्स असते, कुणी पंचायतीत निवडून आलेली. "बाई लय हळू बोलायच्या," म्हणतात, "आमी गप बसून कान द्यायचो." मला त्या बाईंची नणंद म्हणून ओळखतात. मी हसते, पुढे चालायला लागते. उभ्या जन्मात मला कशाची भीती वाटली नाही; आणि सांगावं असं केलेलं, आठवून बघते, तर काही सापडत नाही.