सरकार कधी पडते गा?

मी दिल्लीला निघालो तेव्हा बाबांनी नागपूर स्टेशनावर डब्याच्या पत्र्यावर बोटाने दोनदा टकटक केली. एसटीत कंडक्टर होते ना, उमरेड-नागपूर फेऱ्यांत उभी हयात गेली. दोन टोले म्हणजे जाऊ द्या. डोळे भरले होते, पण बोलले काय, तर "संत्री खाली दाबू नको, फुटतीन." आईला जाऊन वर्ष झालं होतं. घरात ते एकटेच उरणार, म्हणून मीच शब्द दिला होता, "बाबा, नवी लोकसभा बसून राहिली. तिची मुदत संपली का मी वापस. पाच वर्षं फक्त."

पाच वर्षं फक्त! माणूस तोंडाने काय काय बोलून जातो.

माझं काम लोकसभेत प्रतिवेदकाचं. सभागृहात खाली, अध्यक्षांच्या पुढ्यातल्या टेबलाशी बसून, खासदारांचा शब्द न् शब्द लघुलिपीत उतरवायचा. पाच-पाच मिनिटांच्या पाळ्या. मागून दुसरा आला की भाषण ऐन रंगात असलं तरी उठायचं, आत जाऊन टाइप करायचं. त्यामुळे कायदा होताना मी तिथे हजर, पण तो मंजूर झाला की नाही हे मला बाबांकडून कळायचं. टीव्हीसमोरून ते हलत नसत.

त्यांनी दोनशे पानी वही केली होती. पहिल्या पानावर विदर्भाचे दहाही खासदार, मतदारसंघासकट. पुढे एकेक विधेयक, कधी मांडलं, कधी मंजूर झालं. शेतीचे कायदे आले तेही होते, परत घेतले तेही. जुनी दंडसंहिता जाऊन नवी आली, बायकांच्या आरक्षणाची घटनादुरुस्ती झाली, सगळं टपोऱ्या अक्षरात. शेजारी विचारत, "काका, वकिली सुरू करून राहिले का?" बाबा म्हणत, "नाही गा, पोरगं किती जवळ आलं ते पाहून राहिलो."

त्यात मी एकदा गमतीत सांगून बसलो, की सरकार पडलं तर लोकसभा मुदतीआधीच बरखास्त होऊ शकते. झालं! ज्यांना स्वतः हौसेनं मत दिलं, त्यांचंच सरकार पडावं म्हणून हा माणूस टेकडीच्या गणपतीला साकडं घालायला लागला. फोन उचलला की पहिला प्रश्न तोच, "सरकार कधी पडते गा?"

अविश्वास प्रस्ताव आला तेव्हा तर तीन दिवस धड जेवले नाहीत. "आहे का काही चान्स?" मी हसलो. "बाबा, कुठचं पडते! बहुमत आहे त्यांच्यापाशी." प्रस्ताव फेटाळला गेला. त्या रात्री बाबांचाच फोन आला. मग म्हणाले, "मी तं तुह्या गादीले नवी खोळ घातली होती."

ते वाक्य मी कुठल्याच लिपीत उतरवलं नाही, तरी जसंच्या तसं पाठ आहे.

त्या लोकसभेच्या शेवटच्या दिवशी खासदारांनी फोटो काढले, एकमेकांवर तुटून पडणारे गळ्यात पडले. तोवर मला बढती मिळाली होती. मुलगी दिल्लीच्या शाळेत जात होती, नागपूरला 'दादाजी का घर' म्हणत होती. आता परतणं जमणार नाही हे बाबांना कसं सांगायचं, याची मी चार दिवस उजळणी केली. फोन लावला तर तेच म्हणाले, "पोरीची शाळा आहे. समजते मले." मला हायसं वाटलं. लाज वाटते आता, पण वाटलं खरं.

त्या दिवाळीत घरी गेलो. गादीवर तीच खोळ, घडी न मोडलेली. वहीत नवं पान, वर 'नवी लोकसभा', खाली पुन्हा विदर्भाचे दहा खासदार. त्यापुढची पानं मात्र कोरी. सत्र होऊन गेलं होतं, विधेयकंही आली होती. बाबांनी एक ओळ लिहिली नव्हती.

तुम्ही जे नागपुरात राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हाला सांगतो, मला वाटायचं घर म्हणजे आपली वाट पाहणारं माणूस. त्या माणसानं वाट पाहणं सोडलं तर घर कुठे जातं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बाबा धडधाकट आहेत, रोज बोलतात. फक्त तो प्रश्न विचारत नाहीत, आणि मी इथे त्या एका प्रश्नासाठी तरसून राहिलो.

परवा सभागृहात गोंधळ झाला, कामकाज तहकूब झालं, माझी पाळी अर्ध्यातच थांबली. बाहेर येऊन मी बाबांना फोन लावला. "बाबा, वातावरण लय तापलं. सरकार पडू शकते बरं का."

साफ खोटं होतं. काहून बोललो, ते त्यांनाही कळलं असणार.

बाबा हसले. "कुठचं पडते गा! बहुमत आहे त्यांच्यापाशी." मग म्हणाले, "जाय बेटा. तुही पाळी आली असन."