कारण मला विचारा

शिवलीलाअक्कांनी लिहिलेल्या प्रोसिजरमध्ये, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये, मधेच एखादी ओळ भेटायची, 'हे काढू नका. कारण मला विचारा.' कारण मात्र कुठेच लिहिलेलं नसायचं. बिदरच्या आमच्या रक्तदात्यांच्या संस्थेत मी नवा लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना म्हणालो, "अक्का, कारणच लिहून टाका की तिथं." त्या चिटगुप्प्याहून रोज बसने यायच्या आणि तेव्हा डबा उघडत होत्या. म्हणाल्या, "लिवून ठिवलं की कोन इचारायला येतंय रे नागू? मानसं बोलायचंच सोडत्यात." आणि अर्धी भाकरी शेंगाच्या चटणीसकट माझ्या हातावर ठेवली.

दात्यांची यादी संगणकावर सांभाळायचं काम आम्हा दोघांचं. शोधणारा कधी नुसता रक्तगट भरतो, कधी तालुकाही भरतो. म्हणून शोधाचं वाक्य अक्का आधीच पक्कं करून ठेवत नसत. जेवढे रकाने भरलेत तेवढ्याच अटी जोडून त्यांची प्रोसिजर ते वाक्य आयत्या वेळी तयार करायची. याला डायनॅमिक क्वेरी म्हणतात. अक्का म्हणायच्या, "पावनं किती आल्यात बघावं, मग भाकरी थापाव्या."

मीही हौसेने तसं एक वाक्य जुळवलं. रकान्यात माणूस जे टाइप करेल ते मी सरळ वाक्यातच चिकटवलं होतं. अक्कांनी ते पाहिलं, चष्मा पुसला आणि नावाच्या रकान्यात नाव न लिहिता अर्धी ओळ भलतंच काहीतरी लिहिलं. संगणकाने तीही अटच समजली आणि क्षणात साऱ्या दात्यांची नावं फोन नंबरांसकट पडद्यावर आली. "बग, संतपूरची तुजी माय बी आली," त्या म्हणाल्या. मग त्यांनी शिकवलं, "अट आपुन लिवायची. बाहेरचा मानूस जे भरंल ते येगळ्या वाटीत घ्यायचं. पिठात कालवायचं न्हाई." पुढे मी कितीतरी पुस्तकं वाचली, पण इतकं सोपं कुणी सांगितलं नाही.

मागच्या वर्षी अक्कांना गर्भाशयाचं ऑपरेशन सांगितलं. त्या महिनाभराच्या रजेवर गेल्या आणि त्याच आठवड्यात मी एक प्रशिक्षण करून आलो. तिथे सांगितलं होतं, डायनॅमिक क्वेरी धोक्याच्या असतात. धोका कशात आहे आणि तो कसा टाळायचा हे अक्कांनी मला हाताला धरून शिकवलं होतं, तरी मी नव्या नवलाईने त्यांची जुनी प्रोसिजर बाजूला काढली आणि एकाच पक्क्या वाक्याची नवी लिहिली. तिच्यात रक्तगट आणि तालुका दोन्ही भरावेच लागत. जुनीत तालुक्याच्या अटीपाशी ती 'हे काढू नका'ची ओळ होतीच. कुठलाही तालुका शोधला तरी ज्या दात्यांचा तालुका कोरा आहे त्यांनाही अक्का धरत होत्या. मला ती चूक वाटली. विचारायला फोन हातात घेतला होता. पण बाईमाणूस उद्या ऑपरेशनला जायलंय, कशाला त्रास द्यायचा म्हणून ठेवून दिला आणि नव्या प्रोसिजरमधून ती अट गाळली. खरं सांगायचं तर त्रासाचं निमित्त होतं. त्या 'राहू दे' म्हणतील अशी मला भीती होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या यजमानांचा, बसवराजअण्णांचा फोन आला. "रक्त थांबंना झालंय नागू. ओ निगेटिव्ह पायजे. दवाखान्यात हुतं तेवढं संपलं." मी बिदर तालुका शोधला. एकच नाव आलं, तो माणूस दुबईला गेलेला. औराद, हुमनाबाद, भालकी, सगळीकडे पाटी कोरी. चिटगुप्पा शोधला तेव्हा एक नाव आलं आणि क्षणभर माझा जीव भांड्यात पडला. मग मी ते नाव वाचलं. ते शिवलीलाअक्कांचंच होतं.

संध्याकाळच्या आत अक्का गेल्या. रक्त मिळालं असतं तर वाचल्या असत्या का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. त्यांनी 'नाही' म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

तेराव्या दिवशी मी अक्कांची जुनी प्रोसिजर पुन्हा लावली. ओ निगेटिव्ह, बिदर तालुका. चार नावं आली. एक तो दुबईचा, बाकी तिघांचा तालुका कोरा. तिघांचेही पत्ते महाराष्ट्रातल्या उदगीर-देगलूरकडचे. बिदरच्या बाजाराला आणि सोयऱ्यांकडे येणारी माणसं, आमच्या शिबिरांत रक्त देऊन गेलेली. आमच्या फॉर्मवर फक्त आपल्या जिल्ह्याचे तालुके होते, त्यामुळे सीमेपलीकडच्यांचा रकाना कोराच राहायचा. कारण इतकंच होतं. अक्कांनी ते दोन वाक्यांत सांगितलं असतं.

कशासाठी कोण जाणे, मी त्यातल्या पहिल्या नंबरला ऑफिसच्या फोनवरून फोन लावला. उदगीरचे एक मास्तर होते.

"कोन, अक्का काय?" ते म्हणाले.

"न्हाई. मी त्यांच्या हाताखालचा."

"बरं बरं. रक्त पायजे व्हय? कुनाला लागलंय?"

मी पडद्यावर त्यांच्या नावापुढच्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"काळजी करू नका," मास्तर म्हणाले, "शाळा सोडून आत्ताच निघतो. दीड तासात पोचतोच बगा." आणि गाडीची किल्ली कुठे आहे म्हणून ते कुणाला तरी विचारू लागले.