हिरामणने नाला मोजला त्याची गोष्ट

अंजूरचा हिरामण आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होता, मी सहायक. १९८८ साली कामवारी नदीच्या पाहणीचं काम आमच्याकडे आलं. दर महिन्याला अकरा ठिकाणचं पाणी आणून तपासायचं. हिरामणचे भाऊबंद खाडीत जाळी टाकणारे. मासा दिसेनासा झाला होता, म्हणून त्या बाटल्यांची त्याला आमच्याहून जास्त काळजी.

अकरातलं एक ठिकाण म्हणजे रंगाईच्या कारखान्यामागचा नाला. एरवी जांभळा. पण आमची जीप दिसली की वॉचमन शिट्टी मारायचा, आतून रंगाचं पाणी बंद व्हायचं आणि आम्ही साधं पाणी भरून आणायचो. सहा महिने हेच. शेवटी पाहणीचे प्रमुख प्रभाकर सर म्हणाले, "या महिन्यातही काही सापडलं नाही तर हे ठिकाण यादीतून काढणार."

हिरामण माझ्याकडे आला. "बाई, उद्या पूजेचं ताट आना. आन् दोन नारळ. जीप नको, चालत जाऊ."

"देवाच्या नावावर लबाडी मला जमायची नाही हं."

"लबाडी कसली? नदी खरी, नारळ खरा. आन् मासा परत येऊ दे, हा नवस मी कवाच बोललोय."

दुसऱ्या दिवशी मी ताट आणि नारळ घेऊन आले. मी फक्त पितळेचा तांब्या ठेवून स्टीलचा घेतला. नमुन्यात धातू उतरायला नको.

नाला जांभळाच होता. वॉचमन आला. "क्या है?"

"मन्नत है, भैया."

त्याने लगेच चपला काढल्या. मी मनापासून हात जोडले, तांब्या बुडवला आणि पदराआडच्या बाटलीत ओतला. लिटरभर पाण्यात घाण किती, ते बाटली सांगणार. पण दिवसाला नदीत किती जाते, हे कळायला पाण्याचा वेगही हवा. बाभळीपासून दगडापर्यंत वीस मीटर हिरामणने पावलांनी मोजले, पाय धुवायच्या निमित्ताने उतरून काठीने खोली-रुंदी पाहिली आणि नारळ सोडला. माझे ओठ हलत होते. तो जप नव्हता, सेकंद होते.

निम्म्यावर वॉचमनने नारळ उचलला. "परसाद!"

"अरे, देवी कोपेल! दगड तक जाने दे!" हिरामण ओरडला.

बिचारा इतका घाबरला, की दुसऱ्या नारळाच्या वाटेतली म्हैस त्यानेच हाकलली. शंभर सेकंद.

हिरामणने नारळ काढून त्याच्यापुढे धरला. "लो, प्रसाद."

त्याने जांभळी शेंडी पाहिली. "इस पानी का? ना भैया, हमरे बाल-बच्चे हैं."

प्रयोगशाळेत बाटली तपासून सरांनी गुणाकार केला, मग पुन्हा केला. दिवसाला सतराशे किलो घाण! ठिकाण यादीत राहिलं, तेही पहिल्या नंबरावर. 'नमुना घेणारा' या जागी सरांनी हिरामणचीच सही घेतली. सही वाळायच्या आत त्याने मला हळूच विचारलं, "बाई, बाकीच्या दहा ठिकाणी कुठले कुठले देव हायेत?"